काकूंचा सोफा वर गेला

"वर्षभरात तिसरं घर घेऊन दाखवतो, तेही खिशातला पैसा न काढता!" गालावरचा साबण न पुसताच काकांनी जाहीर केलं.

काकू भाजी निवडत राहिल्या. ससेपालनापासून मेणबत्तीच्या कारखान्यापर्यंत काकांच्या सगळ्या योजना याच फेसातून जन्मल्या होत्या. तेव्हा दिवसही निवांत होते. माणूस दाढी करताकरता श्रीमंत होऊ शकत असे.

"अगं, सोपं आहे! वरच्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटवर महागडं कर्ज आहे ना? दुसऱ्या बँकेचं स्वस्त कर्ज काढायचं, त्यातून हे फेडायचं. फ्लॅटची किंमत वाढलीय, म्हणून बँक वर आणखी पैसे देईल. ते घालायचे तिसऱ्या घरात! बँकेच्या माणसानं किंमत दणदणीत लावली पाहिजे, बस्स!"

"आणि नाही लावली तर?"

"लावेल कशी नाही? घर नवरीसारखं सजवू!"

सजवायचं म्हणजे काय, ते काकूंना दुपारी कळलं. दोन हमाल त्यांचा सोफा उचलून जिन्यानं वर निघाले! मागोमाग पडदे, गालिचा आणि माहेरचा मोठा आरसा. खालची खोली इतकी ओकीबोकी झाली, की खोकलं तरी घुमायला लागलं.

वर भाड्यानं शिवणाच्या बाई राहायच्या. एकट्या, मशीनवर पोट.

"काका, हे काय चाललंय?"

"गंमत!" काकांनी डोळे मिचकावले. धंद्यातलं भाडेकरूला सांगायचं नाही, हे त्यांचं तत्त्व! बाईंचा चेहरा पडला. काकूंनी तो पाहिला, पण विचारणार तोच काकांनी त्यांना पडद्याच्या कड्या आणायला पिटाळलं.

दुसऱ्या सकाळी टेप घेऊन बँकेचा माणूस आला.

"फर्निचर सगळं घराबरोबरच दिलंय हं!" काकांनी छाती फुगवली.

"मी फर्निचर मोजत नाही," तो थंडपणे म्हणाला. मग बाईंकडे वळला. "राहायला काही त्रास?"

बाई जणू याचीच वाट पाहत होत्या!

"त्रास? साहेब, हे घर घेऊच नका! तो आरसा सरकवा."

आरसा सरकला. मागे ओल अशी पसरलेली, जणू भिंतीवर जगाचा नकाशा!

"गालिचा उचला!"

खालच्या सुट्या फरशीवर पाय पडताच ती तबल्यासारखी वाजली.

"काका, खिडकी उघडून दाखवा ना!"

काकांनी खिडकी ओढली. खिडकी जागच्या जागी, मूठ काकांच्या हातात!

"बाई!" काका किंचाळले. "हे गिऱ्हाईक नाहीत, बँकेचे आहेत! मला कर्ज हवंय!"

बाई मटकन सोफ्यावर बसल्या. "मला वाटलं, घर विकताय. सामानसुद्धा आणून सजवलंत. मी मशीन घेऊन कुठं जाणार होते?" आणि त्या रडायलाच लागल्या.

"अहो, तुम्हाला कोण काढतंय!" हातातली मूठ कुठं ठेवावी हे काकांना कळेना.

"आधी सांगायला तोंड नव्हतं का तुम्हाला?" काकूंनी काकांना झापलं आणि बाईंना पाणी दिलं.

बँकेच्या माणसानं टेप गुंडाळली. "आत्ता किंमत लावली तर तुम्हालाच वाईट वाटेल. दुरुस्त्या करा, मग पुन्हा येतो."

झालं! प्लंबर आला, गवंडी आला, सुतार तर मुक्कामालाच आल्यासारखा राहिला. बाई वर्षानुवर्षं सांगत होत्या ती सगळी कामं उधारीवर झाली. बँकेचा माणूस पुन्हा आला, खूश झाला, किंमत चांगली लावली. नवं कर्ज मिळालं, जुनं फिटलं, हप्ता खरंच कमी झाला! आणि वरचे पैसे? ते प्लंबर, गवंडी आणि सुतार रांगेनं येऊन घेऊन गेले.

"तिसरं घर?" काकूंनी विचारलं.

"दुसरंच नवं झालंय की!" काका समाधानानं म्हणाले.

"बरं, माझा सोफा आणा खाली."

काका हमालांना घेऊन वर गेले आणि हात हलवत परतले.

"बाई म्हणतात, फर्निचर घराबरोबर दिलंय असं मीच साहेबांसमोर म्हणालो होतो."

"मग? भाडं तरी वाढवलंत?"

"रडवलं एकदा बिचारीला. परत कुठं!"

तेव्हापासून काकू रोज दुपारी वर जाऊ लागल्या. बाई चहा ठेवायच्या आणि मोठ्या अगत्यानं सोफ्याकडे हात करायच्या.

"बसा ना काकू, अशा अवघडून काय उभ्या! आपलंच घर समजा!"