सहापर्यंत कुणाला सांगू नये

"दाजी, लोकांना कळवायला हवं. पाच वाजता ताईला न्यायचंय," मेहुणा डोळे पुसत म्हणाला. "चार ओळी तुम्हीच लिहा. तुमचा हातखंडा आहे."

हातखंडा होताच. सव्वीस वर्षं कर्नलसाहेबांनी सैन्याच्या वतीनं निवेदनं दिली होती. पूल कोसळो की विमान पडो, साहेबांच्या कागदावर परिस्थिती नियंत्रणातच असे. आज सकाळी बायको गेली आणि माणूस आतून पार खचला. हात तेवढा सवयीनं चालत राहिला. चार ओळी झाल्या. वर त्यांनी पत्रकारांसाठीची नेहमीची ओळ टाकली, 'सायंकाळी सहापर्यंत कुणाला सांगू नये', आणि निवेदन दीडशे जणांच्या व्हॉट्सॲप गटावर गेलं.

कर्नलचा हुकूम! नवऱ्यांनी बायकांना सांगितलं नाही. शेजारीण रडली, तीही तोंडात रुमाल कोंबून. सहाच्या आत तिकडे फिरकायचीही कुणाची छाती झाली नाही.

बायकोच्या मैत्रिणीला मात्र राहवेना. तिनं फोन केला. "अहो, हे खरं का हो?"

साहेबांनी तोंड उघडलं. बाहेर पडलं ते पाठांतर. "या घडीला दुजोरा देता येणार नाही."

"म्हणजे खोटं ना? बाई गं, जीव भांड्यात पडला!"

ही आनंदाची बातमी तिनं लगेच गटावर टाकली. ती सांगायला बंदी नव्हती.

पाच वाजले. "दाजी, कुणीच कसं नाही आलं?" म्हणत मेहुण्यानं फोन उघडला, वाचलं आणि कपाळावर हात मारला. पण गाडी उभी होती. शंभर घरांची आजारपणं काढलेल्या त्या बाईच्या मागे दोनच माणसं चालली. मेहुण्याला फार वाईट वाटलं.

सहाला मैत्रीण दारात हजर, हातात गरम सूपचा डबा. "कुठंय ती?"

मेहुण्यानं मान खाली घातली. ती पायरीवरच बसली.

"दुजोरा नाही म्हणालात ना हो!"

"सवय," साहेब कसंबसं म्हणाले आणि तिच्याशेजारी बसले.

डबा बाजूला ठेवून तिनं विचारलं, "शेवटी काही बोलली का?"

"विचारलं तिनं, 'मी वाचेन ना?' मी म्हणालो, प्रकृती स्थिर आहे."

"मग?"

"माझा हात घट्ट धरला. म्हणाली, 'कळलं. आता तुम्ही वेळेवर जेवत जा.'"