द्वारकामावशींचा गुरुवार

गिरगावात आमच्या वाडीच्या तोंडाशी द्वारकामावशींची पाटी होती. वरच्या ओळीत लिहिलेलं, 'नाटकाचे कपडे भाड्याने मिळतील.' खालच्या ओळीत, 'मन बिघडल्यास गुरुवारी दुपारी यावे.' दोन ओळींमध्ये रेघ मारायची पेंटर विसरला होता. त्यामुळे नवा माणूस हमखास विचारायचा, "मन पण भाड्यानं का?"

"तुझं कोण घेणार, मेल्या?" मावशी आतूनच ओरडायच्या.

नवरा गेल्यावर दोन शालू आणि एक शिवणयंत्र एवढ्यावर या बाईनं धंदा उभा केला. गिरगावातली मेळेवाली पोरं, लालबाग-परळच्या गिरण्यांतली नाटकवेडी मंडळी, सगळी तिच्याच दारात. पण कपडे मिळवणं म्हणजे महाकर्मकठीण. मावशी आधी अंगाचं माप घेत आणि मग मनाचं.

"झोप लागते?"

"लागते हो. मला त्या दुष्ट सरदाराचा अंगरखा हवाय."

"मिळणार नाही. घरी बायकोवर ओरडतोस ते नाक्यापर्यंत ऐकू येतं. विदूषकाची टोपी घेऊन जा."

गिऱ्हाईक मुकाट्यानं टोपी घेऊन जायचं, कारण इतक्या स्वस्तात दुसरीकडे कुठे मिळणार? मावशींच्या पायी तीन मंडळांनी ऐनवेळी पात्रं बदलल्याचं मला स्वतःला माहीत आहे.

गुरुवारी दुपारी मात्र दुकान बंद. कोणाला धसका बसलेला, कोणी खाणंपिणं सोडलेलं, अशी माणसं येत. मावशी त्यांना कपड्यांवर टिकल्या टाकायला बसवत, नाहीतर कुणाचे तरी कपडे चढवून बोलायला लावत. "स्वतःच्या कपड्यांत रडायची माणसाला लाज वाटते रे. राणीच्या शालूत रडलं की लोक म्हणतात, तालीम चाललीय." वेडा हा शब्द त्यांना खपत नसे. "फाटलं नाहीये, उसवलंय," म्हणत. पुढे एक मनाचे डॉक्टर स्वतःच त्यांच्याकडे माणसं पाठवायला लागले.

मी या सगळ्याची भरपूर टिंगल केली. कुसुमताई माहेरी येईपर्यंत.

कुसुमताई माझी मोठी बहीण. परळला दिलेली. तिचं पाच महिन्यांचं बाळ तापानं गेलं आणि त्या दिवसापासून ताई एक अक्षर बोलली नाही. भावजी बिचारे भले, पण त्यांच्या आईनं निकाल देऊन टाकला, दिवाळीपर्यंत वाट बघू, नाहीतर वेड्यांच्या इस्पितळात. आमच्या आईनं हाय खाल्ली. मावशी आपण होऊन घरी आल्या. "रोज पाठवा तिला. गुरुवारची वाट बघू नका."

"ती काय करणार तिथं?" मी विचारलं.

"गुंड्या लावेल. तुला येतात?"

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. एक दिवसाआड मोर्चा आणि नाक्यानाक्यावर कलापथक. पथकात मावळा व्हायला सगळे तयार, पोलीस व्हायला कोणी नाही. लालबागचा बापू परब, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा, अगदी गरीब माणूस, त्याच्या गळ्यात हवालदार पडला. एकदा वेळ वाचवायचा म्हणून हा शहाणा घरूनच मावशींकडचा निळा डगला आणि पिवळी टोपी घालून निघाला. वाटेत मोर्चा. समोर एकटा पोलीस दिसल्यावर लोक सोडतात होय? "अरे, मी तुमचाच हाय!" असं ओरडत बापू पळतोय आणि मागून घोषणा चालल्यात. शेवटी तो शिरला थेट खऱ्या चौकीत! तिथल्या हवालदारानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "कुठल्या ठाण्याचा रे तू? आणि डगल्याला मोराच्या गुंड्या?"

चहा पाजून डगला-टोपी काखेत देऊन त्यांनी त्याला बनियनवर बाहेर काढलं.

बापू तणतणत मावशींच्या दुकानात आला. डगला आपटला. "कोणी लावल्या या? राजाच्या अंगरख्याच्या गुंड्या हवालदाराला?"

मावशींचं मशीन थांबलं. मी तिथेच उभा होतो.

"मी," कोपऱ्यातून ताई म्हणाली.

सात महिन्यांनी ऐकला तो आवाज. घोगरा झाला होता.

"चुकलंच," ती म्हणाली. "पण छान दिसत होत्या." आणि हसली. हसता हसता तिला रडू फुटलं आणि तिनं बाळाला नावानं हाक मारली. बापूनं तिच्याशेजारी फतकल मारली. "ऱ्हाऊ दे गो बाय. मोरच ऱ्हाऊ दे," म्हणत तोही डोळे पुसायला लागला. मी तर हुंदके देत होतो, उगीच कशाला लपवू?

नंतर मी मावशींना म्हटलं, "चुकीच्या गुंड्या लावतेय हे तुम्हांला दिसलं नाही?"

"दिसलं की. पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं काहीतरी आपलं आपण निवडलं होतं. मी कशाला बदलू?"

दिवाळीआधी भावजी तिला न्यायला आले. पायरीवर ताई वळली. "येते मावशी."

एरवी साऱ्या गिरगावाला गप्प बसवणारी ही बाई पाठ फिरवून आत निघून गेली. मी मागोमाग गेलो. कपड्यांच्या पेटीवर बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून.

"माझी धाकटी बहीण होती," त्या म्हणाल्या. "इंदू. तिला आम्ही पोचवायला गेलो, इस्पितळात. टांग्यात सगळा वेळ म्हणत होती, अक्का, मी बरी आहे गो, मला घरी ने. मी म्हटलं, गप्प बस." पदरानं डोळे पुसले. "ती बसली गप्प. परत कधी बोललीच नाही. तिथेच गेली."

मी पेटीशी खाली बसलो. मावशींना धीर द्यायची कुणालाच सवय नव्हती.

"मावशी, ताई सोमवारी येणार आहे. कामाला. तिनंच सांगितलं मला."

"तिनं सांगितलं?"

"हो. स्वतःच्या तोंडानं."

"काय म्हणाली? नीट सांग. जसंच्या तसं सांग," मावशी म्हणाल्या आणि माझा हात घट्ट धरून ऐकत राहिल्या.