मोजणीच्या शाळेतील गेरूच्या त्रिकोणाची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. विद्या देणारी शारदा आणि विद्या घेऊन विसरणारी माणसे, उभयतांस दंडवत घालोन लिहिणे ऐसे जे: शके सोळाशे ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सरी, एके राज्यात (नाव विचारू नये, राज्य अद्याप नांदते आहे) शेते मोजणारे तयार करण्याची थोर शाळा होती आणि तेथे त्र्यंबकपंत खांबेटे पंतोजी होते. निष्ठेचे मोठे, आवाज खणखणीत, बावीस वर्षांत एक दिवस खाडा नाही. त्यांनी शाळेच्या भिंतीवर गेरूने एक त्रिकोण काढविला होता, पाया खाली, शेंडा वर आढ्याकडे, आणि शेंड्यापासोन पायावर नीट मधोमध उतरणारी लंबाची रेघ. दर दसऱ्यास त्यावर नवा गेरू फिरे. मुलांनी त्याकडे तोंड करोन उभे राहावे आणि सकाळी शंभर वेळा एका सुरात म्हणावे, "पाया धरावा, शेंड्यापासोन लंब सोडावा, दोहोंचा गुणाकार करोन अर्धा घ्यावा." मग दुपारी पुन्हा शंभर वेळा. दोर कोणी हाती धरिला नाही आणि शेत कोणी पाहिले नाही, कारण शेतात चिखल असतो आणि शाळा सारवलेली असते, येवढा विचार पंतोजींस पुरेसा होता. आणि वर्षअखेर महाराजांची स्वारी परीक्षेस येई, सारा वर्ग एकदम म्हणे, सूर तसूभर हालत नसे, मग महाराज संतोष पावोन सर्वांस उत्तीर्ण करीत आणि पंतोजींस शालजोडी देत. ऐसी सलग अकरा वर्षे गेली, मागे कोणी राहिला नाही.

त्या वर्गात लखमोजी शितोळे म्हणोन एक विद्यार्थी होता, पंतोजींचा केवळ जीव की प्राण. झोपेतून उठविला तरी पहिल्या पदापासोन म्हणेल. आणि दुसरा हैबती खंदारे, विहिरी खणणाऱ्याचा मुलगा, यास प्रश्न फार पडत. एके दिवशी त्याने तीन काठ्या सुतळीने बांधोन एका अंगास झुकलेला त्रिकोण करोन आणिला आणि बोलिला, "पंतोजी, ह्याचा शेंडा पायाच्या बाहेर गेलाय. आता लंब सोडायचा कुठं?" पंतोजींनी काठ्यांकडे पाहिले, मग भिंतीकडे पाहिले, आणि आपणांसही हे ठाऊक नाही ऐसे मनात लख्खकन येऊन गेले, आणि त्याचाच राग आला. "अरे, झुकला तो त्रिकोण कसला? आधी सरळ कर, मग विचार!" सारा वर्ग खो खो हसला. हैबती मात्र विचार करीत उभा राहिला, आणि तेव्हापासोन म्हणताना तो एका पदाने मागे पडू लागला, सूर फाटू लागला, मग परीक्षेस पंधरा दिवस राहिले असता पंतोजींनी त्यास शाळेतून काढिले. त्या दिवशी पंतोजींस काही वाईट वाटले नाही. वाटायचे ते पुढे वाटले आणि दसपट वाटले.

पुढील साली महाराजांनी तलाव बांधविला आणि सतरा घरांची शेते पाण्याखाली गेली. मग आज्ञा जाहली की ज्याचे जेवढे बुडाले त्यास तेवढेच माळावर मोजोन द्यावे, आणि कामगिरी लखमोजीस सांगितली. त्याने मोजिले, कागद केले, महाराजांचा शिक्का पडला. दोन महिन्यांनी सगुणाबाई जगदाळे, नवऱ्यामागे दोन मुली एकटीने वाढविणारी, शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. "पंतोजीबाबा, मला रान कमी आलंय."

"बाई, कागदावर बरोबर आहे."

"कागदावर मी पेरत न्हाई. बुडालेल्या रानाला सहा पायल्या बी लागायचं. ह्ये चारातच संपलं. पोरींना काय घालू?"

पंतोजी तापले. आपला लखमोजी चुकेल? मग त्यास बरोबर घेऊन, बावीस वर्षांत प्रथमच, पंतोजींची स्वारी शेतात उतरली. पाहतात तो शेत त्रिकोणीच, परंतु एका अंगास झुकलेले, शेंडा पायाच्या पार बाहेर. लखमोजीने शेंड्याचा दोर पायाच्या जवळच्या कोपऱ्यात आणोन टेकविला आणि बोलिला, "असंच मोजलं होतं. लंब शेताबाहेर पडत होता, पंतोजी. भिंतीवर तो कधी बाहेर पडत नाही, म्हणून मी आत घेतला." पंतोजींनी दोर आपले हाती घेतला, इकडे धरिला, तिकडे धरिला, ओठांनी पाठ म्हणत राहिले आणि हातांस काही सुचेना. सगुणाबाई बघत होती. तिच्या नजरेस नजर देववेना. शेजारच्या विहिरीवर हैबती खणत होता, तो मातीच्या अंगाने वर आला, पंतोजींच्या पाया पडला, दोर घेतला, पाया त्याच रेषेत शेताबाहेर वीस काठ्या लांबविला, तेथे खुंटी ठोकली आणि शेंड्याचा दोर काटकोनात खुंटीवर आणिला. अठरा काठ्या भरल्या. लखमोजीच्या कागदावर सत्तावीस होत्या. तिसरा हिस्सा शेत नुसते कागदावर होते.

"हे तुला कोणी शिकविले?" पंतोजींनी विचारिले.

"कुणी न्हाई. तुम्ही सांगितलं न्हाई, म्हणून काठ्या घेऊन बसलो. वरीस गेलं."

लखमोजी पांढराफटक पडला होता. "पंतोजी, मी एक अक्षर चुकलो नाही हो."

"नाही बाळा, तू नाही चुकलास," ऐसे बोलोन पंतोजी बांधावर बसले आणि सर्वांदेखत रडले.

मग पंतोजी दरबारी गेले, पागोटे पायाशी ठेविले, म्हणाले की मोजणी चुकली, शेत भरोन द्यावे. माळ तर वाटोन संपला होता, शेजाऱ्यांची घरे उभी राहिली होती. महाराज हसोन बोलिले, "पंतोजी, तुमची विनयशीलता आम्ही जाणतो. ज्या शाळेत अकरा वर्षे कोणी मागे राहिला नाही, तिचा मोजणीदार चुकेल कसा?" अकराही शालजोड्या पंतोजींच्याच घरी होत्या.

तेथोन परत येऊन त्यांनी भिंत घासली, परंतु बावीस वर्षांचा गेरू, डाग राहिलाच. मग मुलांस माळावर नेऊ लागले, ज्याला त्याला वेगळा तुकडा देऊ लागले, आणि कोणी प्रश्न विचारिला की आधी स्वतः गप्प बसत. मुले अडखळत, चुकत, पुन्हा दोर ओढीत. वर्षअखेर स्वारी आली, एका सुरात म्हणणारा कोणी नाही, चाळिसांपैकी तेवीस उत्तीर्ण. महाराजांची मर्जी फिरली आणि पंतोजींस घरी बसविले. लखमोजीने दोर पुन्हा हाती धरिला नाही.

तात्पर्य इतकेच लिहिणे की, नवे पंतोजी आले, त्यांनी प्रथम भिंतीवर ताजा गेरू फिरविला, आणि पुढील परीक्षेस सालाबादप्रमाणे सर्व विद्यार्थी उत्तीर्ण जाहले. सगुणाबाई चार पायल्याच पेरते.