अगदी मापात

मुलांचं लक्ष अभ्यासात का लागत नाही, हे तिसरीच्या बाईंना बरोबर कळलं होतं. दोष बाकांचा! सगळ्यांना एकाच उंचीचा बाक म्हणजे सगळ्यांना एकाच मापाची चप्पल. म्हणून त्यांनी वर्गातल्या प्रत्येकाचा गुडघा, कोपर, पाठ मोजून मापांची वही सुताराच्या हातात दिली. सुतार म्हणजे त्यांचाच थोरला भाऊ.

“दोन बोटं सैल ठेवतो गं,” दादा म्हणाला.

“अर्धं बोटही नको. अगदी मापात. तुला यातलं कळत नाही.”

दादाने पेन्सिल कानावर खोचली आणि गप्प बसला. गप्प बसायची ही खोड बाईंना लहानपणापासून आवडत नसे.

मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, “तपासणीला साहेब येतील. त्यांना वर्ग आवडला, तर बाकीचे अकरा वर्गही तुमच्या मनासारखे करा. नाहीतर जुने बाक परत, आणि हा विषय बंद.”

मंजुरीला सहा महिने गेले, लाकूड वाळायला चार. मेजं-खुर्च्या आल्या त्या थेट तपासणीच्या सकाळी. गोल कडा, पाठीवर प्रत्येकाचं नाव. बाईंना भरून आलं.

मुलं बसायला गेली. गुडघे मेजाखाली जाईनात. जे गेले ते बाहेर येईनात. एक मुलगी हजेरीला उभी राहिली, तर मेजही तिच्याबरोबर उभं राहिलं.

“दादा, मापं चुकवलीस तू!”

“वही बघ. तारीखही बघ.”

तारीख गेल्या वर्षीची होती. मुलं मधल्या काळात बाईंना न विचारता वाढली होती.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. बाईंनी सगळं सामान व्हरांड्यात ढकललं. मुलं जागा मिळेल तिथे पसरली. कुणी पालथं पडून लिहू लागलं, कुणी खिडकीत बसलं, दोघं भिंतीला पाय लावून पाढे म्हणू लागले.

साहेब दारातच थबकले. पाच मिनिटं एकाही मुलाने मान वर केली नाही.

“ही रचना कुणाची?”

“माझी,” बाई कशाबशा म्हणाल्या.

साहेबांनी शेरा लिहिला आणि मोठ्याने वाचलाही: “या बाईंनी वर्गात काहीही न करण्याचं धाडस दाखवलं आहे. सर्व वर्गांत त्यांनी असंच काहीही करू नये.”

साहेबांच्या मागे उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी हसत मान वळवली. व्हरांड्यात, त्या तीस खुर्च्यांच्या पलीकडे, दादा उभा होता.  त्याने नुसती दोन बोटं वर करून दाखवली.