सेकंदाला सात मैल

मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांच्या सोज्जी-भज्जीच्या, म्हणजे गोड शिरा नि भज्यांच्या, बशा रिकाम्या झाल्या होत्या, मुलगी पसंत पडल्याची चिन्हं दिसत होती, आणि नेमकी तेव्हाच सेतुमाधवरावांना हुक्की आली. कॉलेजात तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला समोर एम.एस्सी. झालेला होणारा जावई, रत्नाकर, बसल्यावर गप्प राहवेना.

"रशियाचा माणूस अंतराळात जाऊन आला, सरी, मान्य. पण पृथ्वी कायमची सोडायची तर वेग किती हवा? काढा बघू!"

रत्नाकरनं पेन्सिल घेतली. बिचाऱ्यानं गुरुत्वाकर्षण वरपर्यंत सारखंच धरलं. अंतर अनंत, म्हणून वेगही अनंत आला.

"म्हणजे कुणीच सुटायचं नाही की!" सेतुमाधवराव खदखदून हसले. रत्नाकरच्या कपाळावर घाम डवरला.

कॉफीचे टंबलर घेऊन आलेल्या त्यांच्या मुलीला, हेमावतीला, ते बघवेना. "अय्यो, अप्पा, थांबा! अहो, वर जाताना ओढ कमी होत जाते. नुसती ऊर्जा धरा. ओढीतून सुटायला जितकी लागते, तितकी निघतानाच अंगात हवी. वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटतं. दगड असो की देवळातला हत्ती, सेकंदाला सात मैल!"

उत्तर बिनचूक होतं. रत्नाकरच्या आईनं, कामाक्षीबाईंनी, कॉफी तशीच ठेवली. "मुलगी हुशार आहे. पण आम्हास सून पाहिजे, मास्तरीण नको." आणि मुलाला घेऊन त्या उठल्या.

सेतुमाधवरावांनी सगळं खापर मुलीवर फोडलं. आठवडाभर ते तिच्याशी धड बोलले नाहीत.

तीन महिन्यांनी रत्नाकरची लग्नपत्रिका आली. नवरीचं नाव दुसरंच. सोबत चिठ्ठी होती: "शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत तोच प्रश्न आला. हेमावतींच्या रीतीनं सोडवला. लग्न उरकून अमेरिकेला निघतो. आपला ऋणी आहे."

"बघ! तुझ्या विद्येवर तो अमेरिकेला चालला," सेतुमाधवराव चिडून म्हणाले. "चारचौघांत त्याची फजिती करायची काय गरज होती?"

"फजिती तुम्ही करत होता, अप्पा. मी त्यांना सोडवत होते."

"कशापायी?"

हेमावतीनं पत्रिकेची नीट घडी घालून ती त्यांच्या हातात दिली. "मला ते आवडले होते."

त्या दिवशी मुलाला सेतुमाधवरावांनी नाही नाही ते विचारलं होतं. मुलीला एवढं एकच विचारायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.