कोपऱ्यातलं बटण

आमच्या शेजारच्या बबनची प्रज्ञा कुणाच्याही घरी गेली की आधी माणसांशी बोलत नाही, दाराशी बोलते. उंबऱ्याबाहेर उभी राहते, दार ढकलून बघते, ओढून बघते, कडी वरखाली करते आणि म्हणते, "ह्या दाराला काय सांगायचंय तेच कळंना." तोवर आत चहा गार होतो. आमच्या कोऱ्हाळ्यात दारानं काही सांगावं अशी कुणाची अपेक्षा नाही. कुत्री बाहेर ठेवली की दाराचं काम झालं. पण प्रज्ञा बारामतीला डिजिटल डिझाईन शिकत होती. तेही पदवी झाल्यावरचं. म्हणजे एका ताटानं पोट भरलं नाही म्हणून परत वाढून घेतलेलं.

मी चौथी शिकलेला. त्यामुळं तिच्या शिक्षणावर बोलायचा मला पूर्ण अधिकार आहे. गावात ज्याला ज्यातलं कळत नाही तोच त्यावर जास्त बोलतो, मी एकट्यानं का मागं राहायचं?

हे डिझाईन म्हणजे काय, हे बबनलाच धड सांगता येत नव्हतं. तो म्हणायचा, "कॉम्प्युटरचं हाय." त्यावर गावानं आपला अर्थ काढला, की पोरगी फ्लेक्स बनवते. वाढदिवस आला की पोरं दारात. "ताई, भाऊंच्या डोळ्याला गॉगल लाव, मागं वाघ दे." ती म्हणायची, "मी फ्लेक्स करत न्हाय. मी माणूस वस्तू कशी वापरतो ते बघती." पोरं एकमेकांकडं बघायची. नुसतं बघायला कॉलेज लागतं? मग आमच्या पारावर बसलेल्यांनी तर डॉक्टरकीच केली म्हणायची.

आणि बघायची म्हणजे खरंच बघायची. ग्रामपंचायतीचं दार आतल्या बाजूला उघडतं आणि त्याला मूठ आहे बाहेरून. म्हणजे प्रत्येक जण आधी ओढतो, मग शिवी देतो, मग ढकलतो. ही समोर खुर्ची टाकून सकाळभर बसली. ग्रामसेवकाला वाटलं वरून तपासणी आली. तो त्या दिवशी जेवायलाही घरी गेला नाही. गावाला तिच्या शिक्षणाचा झालेला हा पहिला फायदा. शेवटचा म्हणायलाही हरकत नाही.

डेअरीत गेली तर तिथल्या सेक्रेटरीला विचारते, "काका, ह्या मशीनवर फॅटचा आकडा बघून तुमाला काय वाटतं?"

तो म्हणाला, "मला काय वाटायचंय? म्हशीला इचार."

तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुणाचं काही चुकलं, कुणाच्या हातून काही पडलं, कुणी भलतंच बटण दाबलं की हिचा चेहरा फुलायचा. "चूक तुमची न्हाय, वस्तूची हाय." चहाची कपबशी माझ्या हातून फुटली, तर चूक कपाच्या कानाची. बबननं मोटारसायकल गटारात घातली, तर चूक गटाराची. आमच्या गावात एवढ्या मोकळ्या मनानं माफी कुणी कुणाला देत नाही. त्यामुळं काही लोक मुद्दाम तिच्यासमोर चुका करायचे.

तिचा दुसरा नियम बटणांचा. "आबा, ज्या बटणानं काही होत न्हाय, ते बटण ठेवायचंच न्हाय. माणूस फसतो." असं म्हणून तिनं माझ्या टीव्हीच्या रिमोटवर चिकटपट्ट्या लावल्या आणि चारच बटणं उघडी ठेवली. मला ती चार पुरली. पण बावड्याचे आमचे जावई मॅच बघायला बसले आणि चिकटपट्ट्या खरवडत बसले. मॅच संपली तेव्हा त्यांना आवाजाचं बटण सापडलं.

पण खरा गोंधळ झाला तो तिच्या चुलतभावाच्या लग्नात. पत्रिका करायचं काम घरच्याच डिझाईनवालीला दिलं. आमच्याकडं पत्रिका म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. वर फोटो, खाली नवरानवरी, आणि मग राहिलेल्या जागेत आजे, चुलते, मामे, मावसे, निमंत्रक, व्यवस्थापक, भावकी आणि शेवटी किलबिल. कुणाचं नाव कुणाच्या वर, यावर घरं फुटतात. प्रज्ञानं पत्रिका केली. वर बाबासाहेब आणि बुद्ध, मधोमध दोन नावं, तळाला दिवस, वेळ, मंडप. बाकी सगळा पांढरा कागद.

बबन म्हणाला, "पोरी, चुलतं कुठं गेलं?"

"पप्पा, रिकामी जागा लागती. रिकाम्या जागेनं पत्रिका श्वास घेती."

पत्रिकेनं श्वास घेतला आणि बबनचा अडकला. धाकटा चुलता लग्नाला आलाच नाही. थोरला आला, पण जेवला नाही, मंडपाच्या दारात पत्रिका उलटीपालटी करून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत बसला. "माझं नाव हाय ह्यात. पण श्वास घेतंय, म्हणून दिसंना."

मी बबनला म्हणालो, "तुझ्या लेकीला म्हणावं, रिकामी जागा कशी असती ते मला इचार." मी हे चेष्टेत म्हणालो, पण तो कसनुसा झाला. कारण त्याच्या आदल्या उन्हाळ्यात माझी बायको सरू गेली होती. तिची रक्षा नरसिंहपूरला संगमात सोडून आलो आणि तेव्हापासून घरात मी आणि दोन माणसांची भांडी. जागेला काय तोटा नव्हता. पण घरानं काही श्वास घेतलेला मला दिसला नाही.

सरूला सगळी आळी माई म्हणायची. बबन आणि त्याची बायको दोघं कामावर जायची, तेव्हा प्रज्ञा शाळेतून यायची ती आमच्याच चुलीपाशी. माईला एकच प्रश्न यायचा, "जेवलीस का?" उत्तर काहीही आलं तरी ताट वाढायची. पुढं तिला मोबाईल घेतला, तर त्याच्यावरही तेच. लेकीकडं बावड्याला राहायला गेली की बरोबर दुपारी माझा फोन वाजणार. "जेवला का?" एवढंच. मी हो म्हणालो की ठेवून द्यायची. दुसरं काही बोलायचं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

तर प्रज्ञाचं शेवटचं वर्ष आलं. शेवटाला एक मोठं काम करून दाखवायचं असतं, त्यावर पास-नापास. हिनं विषय घेतला, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी फोन. फोन म्हणजे फोन तोच, त्याचं तोंड वेगळं. नावं वाचायला नकोत, मोठाले फोटो, फोटो दाबला की फोन लागला.

"आबा, तुमी माझे यूजर," ती म्हणाली.

"म्हणजे मी तुझा कोण लागतो?"

"तुमी वापरायचं. मी नुसतं बघणार. मी काय सांगणार न्हाय, मदत करणार न्हाय. मी हितं न्हाईच असं समजा."

आता बघा. जे माणूस नाही ते आहे असं समजून माझा दिवस जायचा. आणि ही शेजारी मांडी घालून बसलेली, श्वासाचा आवाज ऐकू येतोय, आणि ही नाही असं समजायचं. शिकलेल्या लोकांची गणितं उलटीच असतात.

दर शनिवारी ती यायची. "सुनंदाताईला फोन लावा," म्हणायची आणि नसल्यासारखी बसायची. सुनंदा म्हणजे माझी बावड्याची लेक. मी लावायचो. "डोळं मिटून लावा." लावायचो. "डाव्या हातानं लावा." एका दुपारी सुनंदाला इतके फोन गेले आणि प्रत्येक वेळी मी "काय न्हाय, ठेव" म्हणालो, की जावई गाडी काढून इंदापूरपर्यंत आले. त्यांना वाटलं म्हाताऱ्याचं काही खरं नाही.

एका शनिवारी जेवण झाल्यावर परीक्षा होती. मी भाकरी खाऊन हात पुसले, फोन घेतला. ती म्हणाली, "सुनंदाताई." आणि माझा अंगठा वरच्या डाव्या कोपऱ्यात गेला. तिथं तिच्या फोनमध्ये काहीच नव्हतं. पांढरं. मी परत दाबलं.

माझ्या जुन्या फोनात त्या कोपऱ्यात सरू होती. जेवल्यावर मी तिथं दाबायचो. नंबर बंद झालेला. एक बाई सांगायची, हा नंबर अस्तित्वात नाही. बाई सभ्य होती. मराठीत सांगायची, हिंदीत सांगायची, इंग्रजीत सांगायची, मग आपण होऊन ठेवायची. मी शेवटपर्यंत ऐकून घ्यायचो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हतो.

"चुकून लागलं," मी म्हणालो.

प्रज्ञा बघत होती. नुसतं बघायलाच शिकली होती ना ती. शेजारी पडलेला माझा जुना फोन तिनं उचलला, त्याचा तोच कोपरा बघितला आणि म्हणाली, "चूक तुमची न्हाय." यावेळी वस्तूचं काही बोलली नाही.

पुढच्या शनिवारी फोन आणला तर त्या कोपऱ्यात सरू. नरसिंहपूरच्या घाटावरचा फोटो, हसताना तोंडावर पदर धरलेला. मी दाबलं. फोटो जरा आत गेला आणि वर आला. बस्स.

"ह्यानं काय होतं?"

"काय न्हाय होत."

"तुझाच नियम हाय ना, ज्या बटणानं काही होत न्हाय..."

"आबा, गप बसा."

मी गप बसलो, पण तिचे सर बसले नाहीत. बबन सांगत होता, सरांनी तिला स्पष्ट बजावलंय. मेलेलं बटण काढ, नाहीतर बाहेरचे परीक्षक नापास करतील. दोन वर्षं पाण्यात. मी तिला म्हणालो, "काढ ग बाई. मला काय त्याचं?" ती म्हणाली, "यूजरनं डिझाईन सांगायचं नसतं." म्हणजे वर्षभर मला विचारत होती काय वाटतं, काय वाटतं, आणि सांगितल्यावर हे.

परीक्षेला मलाच बारामतीला नेलं. बैल प्रदर्शनात नेतात तसं. मी धुतलेली टोपी घातली. परीक्षक पुण्याचे. केसांचा बुचडा बांधलेला, बूट होते पण मोजे नव्हते. मला वाटलं गडबडीत विसरले असतील.

त्यांनी फोन घेतला. सुनंदाचा फोटो दाबला, लागला. दवाखान्याचा दाबला, लागला. खूश झाले. मग कोपऱ्यातला दाबला. काही नाही. परत दाबला. मग जोरात दाबला.

"हे चालत नाहीये."

दारांना बोलतं करणारी पोरगी, तिच्याच तोंडून शब्द फुटेना. मग मीच बोललो. "चालायचं न्हाय साहेब. ती गेली."

साहेबांनी अंगठा पटकन उचलला. फोटोला लागलं असेल अशा भीतीनं उचलावा तसा. मग ते हळू आवाजात, पण नियमानंच बोलले. "समजलं. पण दाबणाऱ्याला उत्तर मिळायला हवं. ठेवायचं तर त्यानं काहीतरी केलं पाहिजे. नाहीतर काढा. दुरुस्त करून दाखवा, मग पास."

येताना एसटीत ती खिडकीच्या काचेची खिट्टी वरखाली करत बसली. खिट्टीला काय सांगायचंय ते मात्र तिनं विचारलं नाही.

झाली पास. नोकरी लागली बेंगळूरला. जायच्या दिवशी फोन माझ्या हातात ठेवला. "दुरुस्त केलंय."

"काढलंस?"

"न्हाय. बघा."

मी बघितलं नाही. कोपऱ्यात सरू होतीच, पण हिनं काय करून ठेवलंय कुणाला ठाऊक. आजकाल गेलेल्या माणसाचा आवाजही काढतात म्हणे. तसलं काही असेल तर मला नको होतं. जेवलो की मी फोन उताणा न ठेवता पालथा ठेवायचो. असे बरेच दिवस काढले.

मग एका दुपारी भाकरी खाल्ली, हात पुसले आणि अंगठा गेला. अंगठ्याला कोण शिकवणार?

रिंग वाजली. खरीखुरी. आणि पलीकडून उचललं.

"आबा! किती दिवस दाबलं न्हाय तुमी! मला वाटलं बटण बिघडलं. मी सुट्टी टाकून बघायला येणार हुते."

प्रज्ञा. कोपऱ्यातल्या बटणाला हिनं स्वतःचा नंबर जोडला होता. बटण आहे तर त्यानं काहीतरी केलं पाहिजे ना.

"चुकून लागलं," मी म्हणालो.

"व्हय व्हय. चूक तुमची न्हाय." आणि मग, "जेवला का?"

"जेवलो." सरू असती तर इथं ठेवून दिला असता. हिनं ठेवला नाही. मागं कसलाच आवाज नव्हता. माणसांनी भरलेल्या हापिसात एवढी शांतता मला नवीन होती.

"तिथं कोण न्हाय व्हय?"

"सगळे हायेत. कानात वायरी घालून जेवत्यात."

"तू जेवलीस का?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "डबा उघडलाय. तसाच पडलाय."

"मग जेव."

"तुमी ठेवा आता, आबा. मी जेवती."

"ठेवत न्हाय. तू जेव." मी भिंतीला टेकलो, फोन कानाशी धरला. "मी हितं न्हाईच असं समज."