जगतापअण्णा आणि मी खोडलेली ओळ

अण्णांची ती ओळ मी खोडली. चूक माझी, बोलणी त्यांनी खाल्ली, आणि आठ महिने मी तोंड उघडलं नाही.

जगतापअण्णा आमच्या साताऱ्याच्या ऑफिसातले सगळ्यात वयस्क प्रोग्रामर. फौजेत सिग्नलला, म्हणजे संदेशवहनाच्या तुकडीत होते, तिथून कॉम्प्युटरकडे वळले. काहीही टाकायच्या आधी ते खणखणीत आवाजात विचारत, "कोन धरून हाय का?" रिकामा कप असो, कालचा पेपर असो. एकदा मोडकी खुर्ची बाहेर काढताना विचारलं, तेव्हा मी तिच्यावर बसलेलो होतो.

प्रोग्राममध्येही तेच. आम्ही बेदाण्याच्या शीतगृहांसाठी प्रोग्राम लिहितो. खोलीतल्या प्रत्येक तापमापकाची त्यात एक नोंद असते आणि ती किती ठिकाणी वापरात आहे याचा आकडा तिच्यासोबत असतो. वापर संपला की एक वजा; शून्य झालं की नोंद आपोआप पुसली जाते. अण्णा पुसायला घेतानाच आकडा स्वतः एकानं वाढवत आणि सगळं आवरल्यावर तो एक परत वजा करत.

"मोडताना बी आपला एक हात लावून ठिवायचा, सायेब. न्हाईतर मधीच शून्य हुतंय, आन् आपण नसलेल्या नोंदीवर काम करत बसतोय."

मला हे फौजी सोवळं वाटलं. मी त्यांचा वरिष्ठ. न विचारता ती आकडा वाढवणारी ओळ काढून टाकली.

कवठे महांकाळच्या शीतगृहात एक तापमापक बदलला आणि नेमकं तसंच झालं. प्रोग्राम बंद, गारवा बंद. अण्णा एसटीनं गेले, दोन दिवस हातानं मशीन चालवत बसले. परत आले तर आमच्या ऑफिसचे मालक सगळ्यांसमोर गरजले, "पुसायचा भाग तुमचाच ना?" मी टेबलाकडे बघत राहिलो. अण्णांना ग्राहकांचे फोन घ्यायला बसवलं. फोन ठेवण्याआधी ते तिकडच्यालाही विचारत, "धरून हाय का?" सगळे हसत. मला हसू येत नसे.

परवा डबा खाताना शेवटी म्हणालो, "अण्णा, ती ओळ..."

"तुमी काढली. ठावं हाय की. यंत्रात त्या बदलाफुडं नाव हाय तुमचं, तारखेसकट."

"मग बोलला का नाही?"

त्यांनी भाकरी मोडली. "कारभारीन गेल्यापास्नं घरी एकटाच जेवतोय. हितं डबा उघडला की समोर तुमी असता. तुमाला घालवून कुनासमोर बसू?"

डबा तसाच ठेवून मी उठलो. मालकांना आणि सगळ्यांना बोलावलं. ओळ बरोबर होती, ती मी काढली, आणि गप्पही मीच बसलो, हे सांगितलं. मग अण्णांकडे वळलो.

"अण्णा, हे लपवून आठ महिने मी तुमच्यासमोर बसून जेवलो. मला माफ करा."